घेणाऱ्याचा काटा

माझी नात केळीच्या बागेच्या बांधावर पडली होती. वैशाखातली दुपार, अंगात दोन स्वेटर आणि वरून रेनकोट. कातडी कोरडी, तव्यासारखी तापलेली. हाक मारली तर मला ओळखेना. "सर, उतरलं का वजन?" असं मलाच विचारायला लागली. मी विळ्याने स्वेटर फाडले. मुलाने तिच्या अंगावर बादल्या ओतल्या आणि ओल्या लुगड्यात गुंडाळून तिला भडगावला दवाखान्यात नेलं. वाटभर माझ्या डोक्यात एकच, हे त्या सरांचं काम.

नात ज्यूदो खेळते, हे सर तिला शिकवतात. कुस्तीसारखंच असतं, फक्त जाड कापडी अंगरखा घालून. पहिल्या वर्षी तिचा घोटा मुरगळला. दुसऱ्या वर्षी जळगावला जिल्ह्याच्या निवडीत पहिल्याच लढतीत आपटली. यंदा त्या वयाच्या गटातलं तिचं शेवटचं वर्ष होतं. अठ्ठेचाळीस किलोच्या आत भरायचं होतं, आणि निवडीच्या आठ दिवस आधी सरांच्या काट्यावर ती पन्नास भरली. सरांची भाचीही त्याच गटात. मी समजायचं ते समजले.

सरावाच्या हॉलवर जाऊन मी विचारलं, "तुमचा काटा कोणी तपासलाय का?"

"आजी, भाची कोण आणि तुमची नात कोण, ते काट्याला कळत नाही."

"तुम्हाला तर कळतं."

पोरी हसल्या. सर नाही हसले.

त्याच दिवशी आमच्या केळीची कापणी होती. व्यापाऱ्याचा काटा बागेत मांडलेला. नातीला म्हटलं, चढ. साडेसत्तेचाळीस भरली.

"दख," मी म्हणाले, "सरना काटा खोटा शे."

"आजी, व्यापारीना काटावर तू कधीपाईन भरोसा ठेवाले लागनी?"

"खाले उतर. गपचूप जेवाले बठ."

घेणाऱ्याचा काटा कमी दाखवतो, हे मला लग्न होऊन आले तेव्हापासून ठाऊक. दर कापणीला मी त्या काट्याजवळ उभी राहते, कोणी खालून पाय लावतं का ते बघते. त्या दिवशी पाहिजे तो आकडा दिसला आणि मी काहीच बघितलं नाही. पुढचे पाच-सहा दिवस तिला तूप घालून भाकरी वाढली. निवडीला दोन दिवस उरले तेव्हा ती सरांच्या काट्यावर साडेपन्नास भरली. घरी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, घाम गाळून वजन उतरवायला, स्वेटर घालून बांधावर पळायला गेली.

दवाखान्यात सर आले तशी मी त्यांच्या अंगावर गेले. "उन्हात पळवून मारता का पोरीला?"

"मी पळवलं नाही," ते म्हणाले. "मी तिला आठ दिवसांपूर्वीच सांगितलं, वजन उतरवू नको, बावन्नच्या गटात खेळ. ती म्हणाली, घरी नको म्हणतात."

खरं होतं. पोरीने मला तेव्हाच विचारलं होतं. मीच म्हटलं होतं, त्याला भाचीसाठी जागा मोकळी करायची आहे, तू गट सोडू नको. हे मी सरांना सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगितलं, कारण त्यांनी दोनदा विचारलं. ते म्हणाले, रात्र निघाली तर बघू.

अठ्ठेचाळीसच्या गटात भाची निवडून गेली. सरांवर माझा अजून पुरता विश्वास नाही. पण त्यांचा काटा बरोबर होता, हे लिहून ठेवते.

चार दिवस सलाईन चालू होतं. तिसऱ्या दिवशी पोरीने मला आजी म्हणून हाक मारली आणि पाणी मागितलं.

ती वाचली.