तोफेचा संकल्प

काचेच्या दुकानातल्या थोरलीला सगळा बाजार तोफ म्हणायचा, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. बाई मनाने वाईट नव्हती. कुणाची खिडकी फुटली तर जेवण अर्धवट टाकून धावायची, पण जाता-येता कुणाला तरी फैलावर घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे. वडिलांकडून तिला दुकान मिळालं आणि आवाज मिळाला. दोन्ही तिने चांगलेच वाढवले.

या तोफेसमोर रोज उभी असायची ती तिची धाकटी बहीण. मोठी काच एकट्याने उचलता येत नाही, त्यामुळे दिवसभर काचेचं एक टोक थोरलीच्या हातात आणि दुसरं धाकटीच्या. गिऱ्हाइकासमोर, हमालांसमोर, भर रस्त्यात धाकटीने बोलणी खाल्ली होती. आणि एका सकाळी हातमोजे घालता घालता ती म्हणाली, "ताई, परत चारचौघांत माझ्यावर ओरडलीस ना, की मी गेले. पलीकडच्या गल्लीतले काचवाले मला कधीपासून बोलावताहेत. घरी बहीण म्हणून येईन. पण तुझ्याबरोबर काच नाही उचलणार."

हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की थोरलीची पंचाईत झाली. धाकटी चिडली असती तर तिला दुप्पट आवाजात उत्तर देता आलं असतं. शांतपणाशी भांडायचं कसं, हे वडिलांनी शिकवलं नव्हतं.

"मग करू काय मी? तोंडाला कुलूप लावू?"

"रोज शटर उघडताना एक काहीतरी ठरव. आजचा दिवस बरा जावा म्हणून मी काय करीन, एवढंच. फार मोठं नको."

झालं, तोफेचे संकल्प सुरू झाले. पहिल्या दिवशी तिने गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं ठरवलं. समोरच्या शिंप्याने ते हसू पाहिलं आणि घाबरून विचारलं, "माझ्याकडून काही चुकलं का हो?" मग एक दिवस तिने बसून, सावकाश जेवायचं ठरवलं, आणि खरंच जेवली. एक दिवस धाकटीचं बोलणं मध्ये न तोडता ऐकायचं ठरवलं. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की धाकटीला चांगले विनोद येतात. नव्याचे नऊ दिवस, असं शिंपी म्हणत होता, पण थोरलीला खरोखर हलकं वाटायला लागलं होतं. फक्त मुख्य परीक्षा राहिली होती. दाताच्या दवाखान्यात जाड काचेची अख्खी भिंत बसवायची होती, वरच्या मजल्यावर, अरुंद जिन्याने, आणि बाकांवर बसलेल्या पेशंटांच्या डोळ्यांदेखत. त्या सकाळी शटर वर ढकलताना ती मनाशी म्हणाली, आज आभाळ कोसळलं तरी आवाज चढवायचा नाही.

आता या धंद्याची एक रीत सांगायला हवी. जिन्यावरून काच नेताना वरचा माणूस उलटा चढतो, त्याला मागचं काही दिसत नाही. खालच्याला सगळं दिसतं, म्हणून बोलायचं ते खालच्याने. तेही मोजकंच: पायरी, वळण, थांब. आणि 'थांब' हा शब्द असा कडाडला पाहिजे की डोक्याने विचार करायच्या आत पाय थांबले पाहिजेत. दोघी आयुष्यभर अशाच चढल्या होत्या, धाकटी वर आणि थोरली खाली.

त्या दिवशीही चढल्या. "पायरी," थोरली हळूच म्हणत होती. "आता वळण बरं का." तिच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि तो काचेच्या वजनाचा नव्हता. वर बाकावर सुजलेले गाल धरून माणसं बघत होती. जिना संपत आला आणि धाकटीच्या पाठीमागचं दार हलताना थोरलीला दिसलं. कुणीतरी आतून बाहेर ढकलत होतं.

ओरड उसळून घशापर्यंत आली. थोरलीने ती गिळली.

"जरा थांबतेस का गं, बाळ?" ती म्हणाली.

धाकटीने जन्मात ताईच्या तोंडून असला सूर ऐकला नव्हता. तिला वाटलं, ताई बाकावरच्या एखाद्या पोरीशी बोलते आहे. ती आणखी एक पायरी चढली. दाराची लोखंडी कड काचेच्या कोपऱ्यावर आदळली आणि तडा सरसर खाली धावला.

"सोड!" आता मात्र तोफ फुटली. काच तडकली की सोडायची आणि भिंतीला चिकटायचं, हे त्यांच्यात चालायच्या आधी शिकतात. थोरलीने स्वतःचं टोक सोडलं. धाकटीने सोडलं नाही. दोन्ही हातांनी ती फुटत्या काचेला कवटाळून उभी राहिली. बाकीची काच जिन्यावर विखुरली आणि एक लांब तुकडा तिची बाही फाडून गेला.

जखम खोल नव्हती, पण रक्त भरपूर होतं. दाताच्या डॉक्टरने दात बाजूला ठेवून हाताला पट्टी बांधली. थोरली समोर बसली होती.

"सोडली का नाहीस?"

धाकटी खाली बघत म्हणाली, "मी सोडली म्हणून फुटली, असं म्हणून तू ओरडली असतीस."

 इतके दिवस थोरलीला वाटत होतं, की आवाजाने फक्त मन दुखतं. बहीण हात कापून घेईल पण काच सोडणार नाही, इतकी आपली धास्ती तिने घेतली आहे, हे तिला आज कळलं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही.

"तू जा त्या काचवाल्यांकडे," ती शेवटी म्हणाली. "मी उद्याच सांगते त्यांना. धाक मनात ठेवून काच उचलायची नसते."

"जाईन. ही भिंत उभी करून जाईन."

हात बरा झाल्यावर दोघींनी नवी काच कापली, कडा घासल्या आणि त्याच जिन्याशी आल्या. धाकटी वरच्या टोकाकडे निघाली तर थोरली आधीच तिथे जाऊन उभी. "खाली तू धर. आज तू बोल, मी ऐकते."

उलटं चढणं सोपं नाही हो. पाठीला डोळे नसतात आणि पाय चाचपडतात. धाकटीचा आवाज आधी दबका होता. मग वळणावर थोरलीचा पाय चुकला, काच भिंतीच्या दिशेने कलली, आणि खालून धाकटी कडाडली, "थांब! ऐकू येत नाही का? किती वेळा सांगायचं!"

थोरली जागच्या जागी थांबली. काच वाचली. वरचे पेशंट वाकून बघायला लागले. तिचे कान तापले, आणि तिच्या लक्षात आलं, की काचेवरची तिची बोटं आपोआप आवळली गेली आहेत. आता कुणी सोड म्हणालं असतं, तरी ती सुटली नसती.

"लागलं का कुठे?" धाकटीने घाबरून विचारलं. "माझ्या तोंडून निघून गेलं, ताई."

"थांब म्हणालीस ते बरोबर होतं. त्याच्यापुढचं नको होतं." थोरली वरून तिच्याकडे बघत राहिली. "तुझ्या जागी मी असते ना, तर कधीच गेले असते गं."

धाकटीने ओठ दाबून धरले. डोळे पुसायचे तर हात मोकळे नव्हते.

"मी अजून इथेच आहे," ती म्हणाली. "पायरी आहे. सावकाश."