टँकरच्या पाइपाशी उभी असलेली सिस्टर

एका दुष्काळातली ही घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. शहरात गारखेड्याकडं नवे दवाखाने भराभर उभे राहत होते आणि नळाला पाणी नव्हतं.

अशाच एका दवाखान्यात शस्त्रक्रियेनंतर एका बाईंचा श्वास कोंडला. वॉर्डात जवळ कोणी नव्हतं, त्या गेल्या. आम्ही पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. दवाखान्याच्या मालक डॉक्टरांनी लगेच करारपत्र पुढं केलं. त्यानुसार वॉर्डातली सिस्टर त्यांची नोकर नव्हतीच, 'स्वतंत्र सेवा देणारी' होती आणि रुग्णांवरची देखरेख ही सर्वस्वी तिची जबाबदारी. भाषा चोख होती. वरिष्ठ म्हणाले, तिलाच आरोपी करा.

सिस्टर पंचविशीतली. चौकशीत मान खाली घालून एवढंच म्हणाली, "सही माझीच हाय साहेब. मी काय बोलू?" अटक झाली असती, तर तिला पुन्हा कोणी कामावर घेतलं नसतं.

दुसऱ्या दिवशी एक टँकरवाला ठाण्यात आला. आपणहून ठाण्यात येणारा माणूस एकतर भांडखोर असतो, नाहीतर त्याची झोप उडालेली असते. याची उडाली होती.

"साहेब, ती पोरगी त्या टायमाला खाली माझा पाइप धरून उभी व्हती. रोजच असती. तिला कशाला अडकवता?"

डॉक्टरांच्या धाकानं तिनं हे सांगितलंच नव्हतं. मी डॉक्टरांना बोलावलं. कराराचं नावही काढलं नाही. चहा मागवला आणि टंचाईबद्दल बोलत बसलो.

"टँकर आला की तुमच्याकडं धावपळ होत असेल?"

"छे, सिस्टरला खाली पाठवतो. टाकी भरल्याशिवाय वर यायचं नाही, असं बजावलंय."

"ती नाही म्हणाली तर?"

"नाही कशी म्हणेल? दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणेन ना."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. चहा तसाच राहिला.

देखरेखीत हलगर्जी झाली, असा वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय आला आणि दोषारोपपत्र डॉक्टरांवर गेलं. सिस्टर साक्षीदार झाली. तेव्हापासून कोण कोणाचा नोकर हे ठरवताना मी कागद नंतर वाचतो. आधी बघतो, या माणसाला नाही म्हणता येतं का.

पुढं ती उस्मानपुऱ्यात भेटली. नव्या दवाखान्यात लागली होती. मला बरं वाटलं. विचारलं, "तिथं काय लिहून घेतलं?"

"तेच, साहेब. या वेळी वाचून सही केली. पण नाय म्हणायची सोय कुठं हाय?"

मला फार वाईट वाटलं. अशा सहीला लावायला माझ्याकडं कलम नव्हतं.