तारेतलं नाक

रविवारची दुपार. कॉलेजच्या प्रयोगशाळेत भट्टी तापायला लावलीय खरी, पण तार आत घालायला हात धजत नाही. दोनच मिनिटं, असं स्वतःला बजावून मी टेबलावर डोकं टेकते. पंख्याची कुरकुर लांब लांब जाते. डोळे मिटलेत की उघडे आहेत, कळत नाही.

"काय गं वैजे, झोपलीस व्हय?"

समोरच्या स्टुलावर राजश्री चौगुले बसलीय. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेलेली. गेलीय हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी मी तडकते, "हा काय उशीर?"

"वाटेत दूध प्यायला थांबलो." ती अस्सल कोल्हापूरची, तिथल्या बाया 'आलो, गेलो'च म्हणतात. "तुझा सुरवंट चालंना झालाय म्हणं?"

"माझा कसला? तुझाच तो, बये!"

सुरवंट हे तिचंच खूळ. दरडीखाली गाडलेल्या घरात शिरून माणसाची चाहूल घेणारा, बोटाएवढा यंत्रमानव. एवढ्याशा अंगात मोटर मावत नाही, म्हणून स्नायूंच्या जागी आकार लक्षात ठेवणारी तार. वीज सोडली की तार तापते आणि शिकवलेल्या आकारात आखडते. निवली की बाजूची स्प्रिंग तिला परत ताणते. अशी इंचाइंचानं स्वारी पुढं सरकते. उद्या अग्निशमन दलाची माणसं बघायला येणार, आणि काल त्याच्या मागच्या भागातली तार जळाली. नवी यायला महिना लागेल. उद्या सुरवंट हलला नाही तर हे काम बंद.

"एक तुकडा हाय की तुझ्या पेटीत."

आहे ना. तोच तर घोळ आहे.

आम्ही कोल्हापुरात, गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभ्या आहोत, जिथं म्हशी समोर पिळून दूध देतात. म्हशींच्या शिंगांना प्रयोगशाळेतले दिवे टांगलेत आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. राजश्री तो सरळ तुकडा धारोष्ण दुधाच्या ग्लासात बुडवते. तार वळवळते आणि माझा चेहरा होते. एका बाजूनं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, मधे हे भलंमोठं नाक. पहिल्यांदा भट्टी हाती आली तेव्हा या बाईनं तारेला हे शिकवलं होतं आणि चहात बुडवून वर्गभर दाखवलं होतं. मी आठवडाभर अबोला धरला होता.

"अगं, सत्तर अंशांशिवाय ही हलत नाही. दूध कुठं एवढं गरम असतं?"

"स्वप्नात बी मास्तरकी! गप बघ."

मी बघते. हसता हसता मला रडूच कोसळतं. "पाचशे अंशांवर घातली की हे कायमचं पुसलं जाईल, राजी. सुरवंटाला लागणारा स्प्रिंगचा आकार शिकेल आणि नाक विसरेल. तुझ्या हातचं एवढंच उरलंय माझ्याकडे. मला नाही घालायची."

कट्टा आता हॉस्टेलची गच्ची झालाय. ती तोंडात चिमटा धरून ओढणी वाळत घालतेय. आमची परीक्षा संपलीय, की अजून व्हायचीय.

"तुझं नाक बघायला तार कशाला? आरसा हाय की घरात!" ती चिमटा लावते आणि माझ्याकडे वळते. हसत नाही. "दरडीखालचं माणूस थांबंल व्हय, तुझं रडं सरंपत्तोर?"

"मला तुझी फार आठवण येते गं."

"यीना का," ती ओल्या ओढणीनं माझं तोंड पुसते. "ऊठ आता. भट्टी तापली."

मी दचकून उठते. भट्टीवर पाचशेचा आकडा. पेटी उघडी आहे. तार जाड स्क्रूवर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, टोकं घट्ट आवळलेली, आत घालायला तयार. झोपेत मीच केलं असेल, मी स्वतःला समजावते. पण वेढे उलटे आहेत. मी उजव्या हाताची. राजश्री डावखुरी होती.

मी नाक पुसते, चिमट्यानं स्क्रू उचलते आणि भट्टीत ठेवते.