झाडावरचा बारकू

१९ मे १९५५, गुरुवार, बदलापूर. उकाडा फार. हे सकाळच्या गाडीने अंबरनाथला कारखान्यात गेले. दुपारी नवसी आली, मोळीशिवाय.

डायरीत दुपारचे एवढेच आहे. बाकीचे मला आठवते.

नवसी डोंगरातल्या ठाकरवाडीची. आम्हाला लाकडे आणून द्यायची. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचे चित्र, लिहावा तर तिनेच, असा तिचा हात. आदल्या वर्षी जांभळांच्या दिवसांत तिचा नवरा बारकू नाहीसा झाला. त्यांच्या दारचे झाड व्यापाऱ्याने मोहोरातच थोडा भात देऊन बांधून घेतले होते. मग त्या फळाला घरच्यांनी हात लावायचा नाही. बारकूने एक पाटी भरून स्टेशनवर विकायला नेली. व्यापाऱ्याच्या माणसांनी त्याला तिथेच काठ्यांनी मारले. पाटी सापडली, माणूस नाही.

डायरीतल्या त्या गुरुवारी वाडीत लग्न होते. चौक सवाशिणीनेच लिहायचा. नवसीने काडी पिठात बुडवली, तशी लग्नघरच्या गोजरबाईने वाटी ओढून घेतली.

“म्हनली, तुझा नवरा देवाला जांभळं विकाया गेला,” नवसी सांगत होती. “मी म्हनलं, मंग बरंच झालं, देव तरी काठी नाय उगारायचा.” ती हसली आणि मध्येच थांबली. “बाय, तुमची पडवीची भिंत द्या मला.”

मी गेरू दिला, पीठ दिले. भिंतीवर जांभूळ उभे राहिले. बुंध्याभोवती काठ्या उगारलेली सहा माणसे. पार शेंड्यावर, पानांत, एकटा बारकू.

कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलेल्या चित्रकलेच्या भरवशावर मी म्हटले, “अगं, त्याला खाली घे, पाटीजवळ. म्हणजे बघणाऱ्याला कळेल, कुणी मारलं ते.”

“खाली घेतला तर पुन्यांदा मारतील ना? ऱ्हाऊ दे वरच. ही मानसं गेली का उतरंल.”

पुढे तीन वर्षे, डोक्यावरची मोळी उतरवायच्या आधी ती त्या भिंतीकडे बघे. बारकू आला नाही. हे गेल्यापासून मला तिचे ते बघणे फार आठवते.

त्या गुरुवारी संध्याकाळी हे कारखान्यातून आले आणि पायातले बूट न काढता चित्रासमोर उभे राहिले. “पावसाळ्यात ओल्या छत्र्या इथेच टांगतो आपण,” एवढेच म्हणाले.

झोपण्यापूर्वी मी लिहिले : पडवीतली खुंटी काढली. छत्र्या यापुढे स्वयंपाकघराच्या दारामागे.