एक तरी खरा निघावा!

संशोधनाचं असं असतं बघा, आकडे जातात कॉम्प्युटरात आणि किस्से उरतात चहाला. आमचं डिपार्टमेंट मानसशास्त्राचं, कॉलेज जळगावचं, आणि विषय काय, तर माणसं भुताखेतांवर, पूर्वसूचनांवर, मनातलं ओळखण्यावर विश्वास का ठेवतात! असला विषय घेऊन रावेरपासून पिंपळनेरपर्यंत हिंडल्यावर किस्से साठणार नाहीत तर काय?

टीम तिघांची. चौधरी सर, पीएचडी करणारी वैशाली आणि पडेल ते काम करणारा मी. सरांचा यातल्या कशावरही विश्वास नाही. पण त्यांच्याइतक्या आशेने प्रयोग करणारा माणूसही मी पाहिलेला नाही. "अरे, हजारात एक तरी खरा निघावा की नाही!" हे त्यांचं पालुपद. रिटायरमेंट उन्हाळ्यावर आलेली आणि इतक्या वर्षांत त्यांच्या परीक्षेत एकही जण पास झालेला नाही. आपण चुकीचं ठरावं म्हणून इतकं धडपडणारा हा खानदेशातला एकमेव माणूस असेल. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

*

रावेरकडे एका केळीच्या बागेत डिगंबरभाऊंचा सर्व्हे घेत होतो. भुतं मानता? "नाही." चकवा? "नाही." हडळ? "काही नाही भो, सगळे मनाचे खेळ!"

सर खूश. असा रोखठोक माणूस आम्हाला महिन्याभरात भेटला नव्हता.

निघताना आम्ही नाल्याकडची जवळची वाट धरली, तर भाऊंनी सरांचा दंड धरून मागे ओढलं. "तिकून नका जाऊ सर, तठी हडळ हाये."

"अहो भाऊ, आत्ताच म्हणालात ना, मानत नाही!"

"मी नाही मानत. पन हे तिले कोन सांगीन?"

आम्ही लांबच्या वाटेने गेलो. सरसुद्धा.

*

जळगावात एक डाळमिलवाले शेठजी आहेत. मारवाडी माणूस, गोड बोलणार, कोणीही आलं तरी आधी ताक पाजणार. तुरीचा भाव पडणार असला की त्यांना आदल्या दिवशी छातीत काहीतरी होतं, असं सगळा बाजार सांगतो.

वैशाली म्हणाली, "शेठजी, तसं झालं की फक्त मला एक मेसेज टाकत जा. तारखेसकट."

शेठजींनी ताकाचा ग्लास खाली ठेवला. "म्हणजे भाव पडायच्या आधी?"

"हो, आधीच."

"बेटा, आधी सांगितलं आणि चुकलं तर? इतकी वर्षं कधी चुकलो नाही, ते नंतर सांगतो म्हणूनच तर!"

सर म्हणाले, एवढ्या प्रामाणिक माणसाला नापास करताना जिवावर येतं.

*

धुळ्याच्या एका कॉलेजात रिकाम्या खोलीचा प्रयोग होता. एकेका विद्यार्थ्याला आत बसवायचं आणि काय जाणवलं ते विचारायचं. निम्म्यांना सांगायचं, "इथे काहीतरी आहे म्हणतात." उरलेल्यांना काहीतरी साधंसुधं सांगायचं होतं. ऐनवेळी सुचेना, म्हणून मी सांगून टाकलं, "हे प्राचार्यांचं नवं ऑफिस होणार आहे."

भुताच्या गटातली पोरं बाहेर येऊन म्हणाली, "थोडं गार वाटलं, बाकी काही नाही." दुसऱ्या गटातल्यांना मात्र धडधड झाली, हातपाय गळाले, कोणीतरी मागून बघतंय असं वाटलं. एक तर मधूनच उठून बाहेर आला!

सरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. अहवाल प्राचार्यांनाच द्यायचा होता.

*

वैशालीची आई तर आमची लाडकी. लेक अंधश्रद्धेवर प्रबंध लिहितेय, आणि फील्डवर्कला निघाली की ही माउली दारात मीठ-मोहरी घेऊन उभी! वैशालीने एकदा वैतागून विचारलं, "आई, माझा विषय तरी काय आहे?"

आई दृष्ट काढतच म्हणाली, "नाही लागू पडलं तर नुकसान नाही. लागू पडलं तर लिही तुझ्या पुस्तकात!"

*

आणि हिराअक्का.

पिंपळनेरजवळच्या खेड्यात राहतात. फोन वाजला की उचलायच्या आधीच कोणाचा ते ओळखतात, अशी त्यांची ख्याती. मुलगा सुरतला कामाला. "तेना फोन ऱ्हायना की माले समजीच जास," म्हणजे त्याचा फोन असला की कळतंच, असं त्यांनीच सांगितलं. रिटायरमेंटच्या आधीचा हा सरांचा शेवटचा प्रयोग.

फोन करणारे चौघे. सुरतचा मुलगा, शिरपूरची मुलगी, गावातला भाऊ आणि जळगावात बसलेली वैशाली. दर वेळी कोणी करायचा, ते वैशाली चिठ्ठी उचलून ठरवणार. मोबाईलच्या स्क्रीनवर आम्ही चिकटपट्टी लावली. अक्कांनी आधी नाव सांगायचं, मग सरांनी स्पीकर लावायचा.

पहिली रिंग. अक्का म्हणाल्या, "मना पोऱ्या!" म्हणजे माझा मुलगा. बरोबर.

दुसरी रिंग. "मना पोऱ्या!" परत बरोबर! सर पुढे सरकून बसले.

तिसरी रिंग. "मना पोऱ्या!" निघाली शिरपूरची मुलगी. मग भाऊ निघाला, मग वैशाली, आणि अक्का आपल्या दर वेळी तितक्याच ठणकावून, "मना पोऱ्या!" संध्याकाळी सरांनी बेरीज केली. नुसत्या अंदाजाने कोणाचेही जितके बरोबर येतील, तितकेच आले होते.

सरांनी कागद मिटला. चेहरा असा उतरला की मला बघवेना. तरी शेवटचं म्हणून त्यांनी विचारलं, "अक्का, चौघं फोन करणार हे तुम्हाला माहीत होतं. एकदा तरी दुसऱ्या कोणाचं नाव मनात आलं नाही?"

"ऊनं ना! बठ्ठं समजनं माले. हाऊ पोरना, हाऊ भाऊना, हाऊ तुमनी त्या बाईना."

म्हणजे अक्कांना सगळे फोन कळले होते! सर उठून उभे राहिले. "मग सांगितलं का नाही, अक्का?"

अक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. इतका शिकलेला माणूस आणि एवढंही कळू नये!

"मी दुसरानं नाव लिधं, आनि नेमका मना पोऱ्याना फोन ऱ्हायना, ते तेले कसं वाटी, भाऊ?"