पैलवानाचा खुराक

दुपारची शेवटची गिऱ्हाइकं उठली की मी खानावळीचं शटर अर्धं ओढते आणि कट्ट्यावरच आडवी होते. डोळा लागतोय न लागतोय, तोवर मागं चुलीपाशी कुणीतरी खाकरतं. ते खाकरणं मी हजारात ओळखीन. आमचे हे. जाऊन सहा महिने झालेत.

"आलात होय? बसा. तांबडा रस्सा शिल्लक आहे."

"रस्सा राहू दे. पैलवानाला काय घालतीस ते सांग."

पैलवान म्हणजे ह्यांचा इग्वाना, हातभर लांब हिरवा सरडा. स्वतः तालमीत मुरलेले, म्हणून नावही तसलंच ठेवलं. दवाखान्यात शेवटचं बोलले ते एवढंच, "पैलवानाकडं बघ." आणि मी बघतेच की! खानावळ चालवणारी बाई मी, माझ्या दारात कोण उपाशी राहील?

"पैलवानाला लागतो तोच खुराक घालते. रोज दोन उकडलेली अंडी, वर मटणाचा खिमा. कसला तुकतुकीत झाला होता!"

"आणि आता?"

आता चार दिवस तो पाय टेकत नाही. बोटं सुजलीत. मुरगळला असेल म्हणून मी हळदीचा लेप लावलाय. हे मी बोलत नाही, पण ह्यांना कळतंच.

चूल कुठं गेली कुणास ठाऊक. आम्ही तालमीत, लाल मातीत बसलोय. मध्ये पैलवान, शेजारी ह्यांचा उजवा पाय. अंगठा टरारून सुजलेला, जिवंतपणी सुजायचा तस्सा.

"हे काय होतं माझं?"

"युरिक ॲसिड. डॉक्टरांनी मटण बंद केलं होतं आणि तुम्ही चोरून हाणत होता."

"मग त्याचं काय वेगळं? अगं, पाला खाणारं जनावर ते. अंडी-मटण त्याच्या मूत्रपिंडांना झेपत न्हाई. ॲसिड साठतं, खडे होऊन सांध्यात बसतं. मी काय घालत होतो?"

"शेवग्याचा पाला. जास्वंदीची फुलं. भोपळा." मी पैलवानाला जवळ ओढते. "मला वाटलं, तुम्ही त्याला उपाशी मारताय. अहो, माझ्या हातानं मरतोय का हो तो?"

"येडी का काय! अजून येळ गेली न्हाई. आज डॉक्टरकडं नेलंस तर सुधारंल. उद्यावर टाकू नकोस."

"तुम्ही येता का संगं?"

"मी आता कुठं येतो? तू एकटी बास आहेस." ते माझं मनगट धरतात आणि एका हिसक्यात मला उभी करतात.

मी कट्ट्याशेजारी उभीच आहे. बाहेर लख्ख ऊन. पैलवान काचेच्या पेटीत डोळे मिटून पडलाय. लेप ओल्या फडक्यानं पुसते, त्याला टोपलीत ठेवते आणि रिक्षावाल्याला हाक मारते.

निघताना हात धुवायला मोरीशी जाते. उजव्या मनगटावर लाल मातीचे चार बोटांचे ठसे आहेत, अजून ओले. मी नळ बंद करते. तशीच रिक्षात बसते आणि त्याच हातानं पैलवानाला घट्ट धरते.