उजवा कौल

नातवंडांनो, तुमच्या कुसुमआजीला जाऊन महिना होत आला. ती गेली त्या दिवशी तिचा पुतण्या वसंत सकाळीच मालवणला माझ्या दारात आला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "मावशी, काकी गेली. खोपीत गेली. पण देवाचो शब्द मोडूक नाय हां तिना." त्याच्या आवाजात अभिमान होता. मी त्याला पाणी दिलं.

तुम्ही नैरोबीत वाढलात, म्हणून खोपीचं सांगायला हवं. माझ्या या धाकट्या बहिणीच्या सासरी, खाडीकाठच्या गावात, दर काही वर्षांनी गावपळण होते. ग्रामदेवाची आज्ञा झाली की सारा गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातो आणि झावळ्यांच्या खोपींत राहतो. तेवढे दिवस गाव देवाचा, माणसाने तिथे पाऊल ठेवायचं नाही. परतायचं केव्हा, तेही देवच सांगतो. गुरव मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यालाच कौल म्हणतात.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या एका गावपळणीला मीही हौसेने गेले होते. मी तेव्हा मालवणच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. चुलींवर माशांची आमटी रटरटत होती, पोरं नाचत होती, आणि दाजी गुरव आरवणाऱ्या कोंबड्याकडे बोट दाखवून मला चिडवत होता, "मास्तरीणबाय, ह्या कोंब्याक तुमच्या इंग्लिशीत गप रव म्हणान सांगा मां. आमचा आयकणा नाय!" कुसुम पदर तोंडाला लावून हसत होती. मांडीवर बाबू होता. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेला तो तिचा एकुलता एक मुलगा. नवरा आगबोटीवर कामाला होता.

दुसऱ्या दुपारी बाबूच्या गळ्यात घरघर सुरू झाली. अंग तापलं, श्वास अडू लागला. मालवणच्या डॉक्टरांकडे जाणारा गाडीरस्ता गावातून जात होता. दुसरी वाट खाडीची, पण ओहोटी होती, होडी चिखलात बसलेली. मी म्हटलं, "कुसुम, गाडी जुंपायला सांग. गावातून जाऊ." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच काही अभद्र बोलले होते. "अक्का, देव घरात आसताना तेच्या घरातसून कशी जावची? भरती येतली. थोडी कळ काढ." मी भांडले, ओरडले. चारचौघांनी मलाच समजावलं. तिन्हीसांजेला पाणी चढलं तेव्हा आम्ही निघालो… मालवणचे दिवे दिसत होते, तेवढ्यात बाबू गेला.

त्यानंतर गावाने कुसुमला मोठं केलं. बायका तिला सत्त्वाची म्हणू लागल्या. जत्रेला पहिली ओटी तिची भरली जाई, नव्या सुना तिच्या पाया पडत. लेकरू गमावल्याचं हे बक्षीस ती मान खाली घालून घेत राहिली. मला ते बघवत नसे. पण त्या मानाखेरीज तिच्याजवळ उरलंच काय होतं?

पुढच्या गावपळणीला गावच्या मानकऱ्याचे वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळले होते. मानकऱ्याने देवाला कौल लावला, 'म्हाताऱ्याला घरीच राहू दे का?' उजवी पाकळी पडली. म्हातारा घरी राहिला, सोबतीला गडी राहिला. देवाचं काही बिनसलं नाही.

गाव परतल्यावर कुसुमने दाजीला देवळाच्या पायरीवर गाठलं. मी तिच्या शेजारीच उभी होते. "दाजी, माझ्या बाबूच्या वख्ताक कौल कित्याक लावलंस नाय?"

दाजी गांगरला. "तू खंय सांगलंस, गो? इचारल्याशिवाय देव कसो बोलतलो?"

असंही विचारता येतं हे आजवर तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आज्ञा सगळ्यांना सारखी, सवलत मात्र ज्याला विचारायचं ठाऊक त्याला. त्या दिवसापासून तिने ओटी घेणं सोडलं आणि देवळात जाणंही. पण एखाद्या बाईवर संकट आलं की तिला हाताला धरून देवळापर्यंत नेऊन सोडायची, "इचार गो. गप रवा नको." स्वतः बाहेरच थांबायची.

यंदा तिचं हृदय थकलं होतं. हलवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि नेमकी गावपळण आली. वसंत म्हणाला, "काकी, तुझ्यासाठी कौल लावया." ती नको म्हणाली. मी जवळ बसून विनवलं तेव्हा माझा हात धरून हळू आवाजात बोलली, "अक्का, त्या म्हाताऱ्याक उजवो दिल्यान, तो मानकऱ्याचो मान. माका उजवो दिल्यान, तर मगे बाबूकय दिल्यान आसतो मां? ता माका कळाक नको." आणि तिने स्वतःला बाहेर न्यायला लावलं.

गाव आता परतला आहे. बाकीच्या खोपी मोडल्या, तिची तेवढी उभी आहे. बायका तिथे फुलं ठेवतात, दिवा लावतात. परवा एकीने तापाने फणफणलेलं मूल डॉक्टरकडे न्यायच्या आधी तिथे आणून निजवलं. हे ऐकून मी तशीच एसटीने गेले आणि वसंतला म्हटलं, "ती खोप आजच्या आज मोड."

त्याने कानाला हात लावला. "तशी कशी मोडतलंय, मावशी? कौल घेवक होयो."